उंदराच्या केसांतला नवा माइट: पिंजऱ्यापासून प्रसिद्धीपर्यंत

गोव्यात प्राणिशास्त्र शिकणाऱ्या मुलांना नवी जात शोधायची म्हटलं की बेडूक, खेकडे नाहीतर फुलपाखरं आठवतात. त्यांनी एकदा उंदराचे केस भिंगाखाली बघावेत असं मला फार वाटतं. त्या केसांना धरून राहणारे माइट (कोळ्यांच्या नात्यातले बारीक जीव) बहुधा अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असतात आणि आपल्याकडे त्यांच्या वाट्याला फार थोडे अभ्यासक आलेत. त्यांचं वर्णन करायला लागणारं सामानही बहुतेक सगळं कॉलेजच्या प्रयोगशाळेत मिळतं. ज्यांनी आजवर एकही माइट स्लाइडवर चढवलेला नाही, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. नाव देणं हा या कामातला सगळ्यांत छोटा भाग. पन्नास वर्षांनी एखादा अनोळखी माणूस तुमचा लेख आणि तुमची स्लाइड समोर घेऊन बसला, तर तुम्ही म्हणता ते खरं की खोटं हे त्याला तपासता आलं पाहिजे. प्रत्येक पायरीवर तो माणूस डोळ्यांसमोर ठेवा.

सुरुवात व्होलपासून

व्होल हा उंदरासारखा दिसणारा प्राणी. शेपटी आखूड, तोंड बोथट, कान केसांत दडलेले. तो उत्तर गोलार्धातल्या थंड मुलखातला. भारतात तो हिमालयाच्या बाजूला सापडतो, अल्टिकोला आणि निओडॉन हे तिकडचे जीनस (जवळच्या जातींचे गट). गोव्यात व्होल नाही. तरीही वाचनाची सुरुवात त्याच्यापासूनच करा, कारण केसांवरच्या माइटचं जुनं, पायाभूत काम त्याच्याच अंगावर झालंय. लिस्ट्रोफोरस हा जीनस पागेनश्टेखर यांनी १८६१ मध्ये स्थापला. त्याच्या बहुतेक जाती व्होल आणि त्यांच्या भाऊबंदांवर, म्हणजे लेमिंग, मस्करॅट यांच्यावर राहतात. एकट्या मस्करॅटवर या जीनसच्या अनेक जाती नांदतात. बेल्जियमच्या आलेक्स फाँ यांनी विसाव्या शतकात या गटाच्या कितीतरी जातींची वर्णनं लिहिली. त्यातली दोनतीन वर्णनं, आकृत्यांसकट, समोर ठेवून वाचा. मजकूर फ्रेंच असला तरी आकृत्या आणि मापांचे तक्ते कळतात. नव्या जातीच्या वर्णनाचा साचा मनात बसवायला याहून चांगला मार्ग मला ठाऊक नाही.

आपल्याकडचे उंदीर वेगळ्या कुळातले, म्युरिडी. त्यांच्यावर लिस्ट्रोफोरसचा नातलग ॲफ्रोलिस्ट्रोफोरस भेटतो. म्हणजे पद्धत व्होलच्या माइटवर शिकायची आणि हात बसवायचा तो कुळागरातल्या, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागेतल्या, उंदरावर.

उंदीर कुठला, आणि कसा

माडाच्या शेंड्यात राहणारा काळा उंदीर, खाजनाच्या (खाडीकाठच्या शेतजमिनीच्या) बांधात बिळं पाडणारी घूस, भाताच्या शेतातले छोटे उंदीर: सुरुवातीला एवढे पुरेत. कुळागर किंवा शेत असलेल्या ओळखीच्या माणसाला सांगून ठेवा. पिंजऱ्यात अडकलेले उंदीर तो नाहीतरी टाकूनच देतो. विष घालून मेलेला उंदीर मात्र घेऊ नका. झिंक फॉस्फाइड खाल्लेल्या उंदराच्या पोटातून फॉस्फिन वायू सुटतो आणि तो माणसालाही घातक असतो.

परवानगीच्या बाबतीत जुने सल्ले आता कामाचे नाहीत. उंदीर पूर्वी वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पाचव्या परिशिष्टात उपद्रवी म्हणून नोंदलेले होते. २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली आणि ते परिशिष्टच राहिलं नाही. त्यामुळे संस्थेमार्फत लेखी विचारणा करूनच काम सुरू करा. म्हादई, नेत्रावळी, खोतीगाव, बोंडला किंवा मोले अशा अभयारण्यांत पिंजरा लावायचा तर वन खात्याची परवानगी हवीच. जिवंत प्राणी हाताळायचे असतील तर संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीकडे अर्ज करावा लागतो. यातून वेळ जातो, पण या परवान्यांचे क्रमांक पुढे लेखात छापायचे असतात.

उंदराला उघड्या हातानं शिवू नका. आपल्या पावसात लेप्टोस्पायरोसिस उंदराच्या मुतातून पसरतो, स्क्रब टायफस चिगर माइटच्या अळीतून येतो आणि सत्तरी तालुक्यात २०१५ पासून माकडतापाचे रुग्ण सापडलेत, तो गोचिडीमुळे होतो. हातमोजे, मास्क, पूर्ण बाह्यांचे कपडे, आणि काम संपल्यावर साबणानं स्वच्छ हात. उंदीर गोठवला म्हणजे तो निर्धोक झाला असं धरून चालू नका. प्रयोगशाळेचा डीप फ्रीझर वापरा, घरचा फ्रिज कदापि नाही.

आता सर्वांत महत्त्वाचं: एक उंदीर, एक पिशवी. उंदीर मेल्या मेल्या झिप लॉक पिशवीत घालायचा आणि त्याच पिशवीत पेन्सिलीनं लिहिलेलं लेबल टाकायचं. दोन उंदीर एका पिशवीत गेले की कुठला माइट कुणाचा हे कुणालाच सांगता येत नाही आणि अख्खी नोंद निकामी होते. पिसवा, गोचिडी थंड पडलेलं अंग सोडून पळतात, केसांतले माइट मात्र बहुधा केस धरूनच मरतात. म्हणून गोठवलेल्या उंदरावरही ते मिळतात. एवढंच कशाला, संग्रहालयात ठेवलेल्या जुन्या कातड्यांवरही मिळतात, आणि केसांवरच्या माइटच्या काही जाती अशा कातड्यांवरूनच लिहिल्या गेल्यात. तुमच्या विभागाच्या कपाटात जुने पेंढा भरलेले उंदीर असतील तर विभागप्रमुखांना विचारून त्यांच्यावरून कंगवा फिरवायला हरकत नाही.

लेबलवर तालुका, गाव, वाडा, जागा कसली (कुळागर, खाजन, घर), अक्षांश-रेखांश, तारीख, गोळा करणाऱ्याचं नाव आणि उंदराचा क्रमांक. रोमन लिपीत लिहा, नमुना पुढे कुठेही जाऊ शकतो. नुसतं गावाचं नाव पुरत नाही, गोव्यात एकाच नावाचे वाडे अनेक आहेत आणि जुन्या पोर्तुगीज वळणाची स्पेलिंगं अजून चालतात. आपण साधारण १५ अंश उत्तर आणि ७४ अंश पूर्व या ठिकाणी आहोत. हे आकडे उलटे लिहिले गेले तर नोंद नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात जाऊन पडते, आणि ऑनलाइन नकाशांवर अशा नोंदी खरोखरच दिसतात.

उंदराचीही ओळख पक्की हवी. डोकं-धड, शेपटी, मागचं पाऊल, कान यांची मापं घ्या, कवटी जपून ठेवा आणि शेपटीचं टोक अल्कोहोलमध्ये ठेवा. हे माइट यजमानाशी, म्हणजे ज्याच्या अंगावर राहतात त्या प्राण्याशी, फार एकनिष्ठ असतात. उंदराचं नाव चुकलं तर माइटबद्दल तुम्ही केलेलं विधानही लटकं पडतं.

केसांत शोधणं

पांढऱ्या एनॅमलच्या ट्रेमध्ये उंदीर ठेवून बारीक दातांच्या फणीनं विंचरा. त्यातून बरंच मिळतं, पण खरी मजा डिसेक्टिंग मायक्रोस्कोपखाली केस उलटे सारून बघण्यात आहे. वीस ते चाळीस पट मोठं करून मानेपासून पाठीवर, मग पोटावर, मग शेपटीच्या बुडाशी असं क्रमानं बघत जा आणि माइट कुठे सापडला तेही टिपा. एकाच उंदरावर दोन जाती असतील तर त्यांनी अंगाचे भाग वाटून घेतलेले असू शकतात.

पहिल्यांदा बघणाऱ्याला माइट दिसत नाही, त्याला केसावर कोंड्याचा लांबट कण दिसतो. सुईनं हळूच स्पर्श केला की तो कण केसावरून सरकतो पण सुटत नाही. मग प्रकाश एका बाजूनं टाका. फिकट पिवळसर नळीसारखं शरीर, पुढे तपकिरी झाक असलेली ढाल (कातडीचा कडक झालेला भाग) आणि तिच्या खाली केसाला मारलेली मिठी दिसते. लिस्ट्रोफोरिडी कुळात पहिल्या पायांच्या बुडाशी, पोटाच्या बाजूला रेघारेघांचे पातळ पडदे असतात, त्या पडद्यांच्या पकडीत केस असतो. हे एकदा स्वच्छ दिसलं की माणूस या माइटच्या प्रेमात पडतो, निदान माझा अनुभव तसा आहे.

ओढू नका. ओढलं की पाय तुटतात. चिमट्यानं केसच उपटा आणि केसासकट माइट ७० ते ८० टक्के अल्कोहोलमध्ये टाका. डीएनए काढायचा असेल तर काही नमुने ९५ टक्क्यांच्या वरच्या अल्कोहोलमध्ये वेगळे ठेवा. पुढे लॅक्टिक ॲसिडमध्ये पकड आपोआप सैल पडते.

केसांत मिळणारं सगळंच आपल्या कामाचं नसतं. भराभर पळणारे मोठे तपकिरी माइट लॅलॅप्सच्या गटातले. कानात नारिंगी ठिपक्यांचा झुबका दिसला तर ते चिगर, त्यांना हात लावताना विशेष काळजी घ्या. खऱ्या केसमाइटमध्येही तीन कुळं नेहमी भेटतात आणि कोण केस कशानं धरतो यावरून ती ओळखू येतात. मायोबिइडीत पहिली पायांची जोडी आखूड होऊन पकडीसाठी बदललेली असते. मायोकॉप्टिडीच्या मादीत तिसरी आणि चौथी जोडी ते काम करते. लिस्ट्रोफोरिडीत वर सांगितलेले पडदे.

स्लाइड

लॅक्टिक ॲसिडमध्ये माइट पारदर्शक होईपर्यंत ठेवा. नमुना किती जुना त्यावर वेळ अवलंबून, अधूनमधून बघत राहायचं. मग हॉयरच्या द्रवात चढवायचा. त्याचं प्रमाण: ऊर्ध्वपातित पाणी ५० मिली, अरबी डिंक ३० ग्रॅम, क्लोरल हायड्रेट २०० ग्रॅम, ग्लिसरीन २० मिली, याच क्रमानं एकेक विरघळवत. क्लोरल हायड्रेट विषारी आहे, ते विभागाच्या देखरेखीखालीच वापरा.

एका स्लाइडवर एकच माइट. बारीक थेंब, त्यात माइट तळाला टेकवून सरळ करायचा, मगच कव्हर स्लिप एका कडेनं उतरवायची. काही नमुने पाठ वर, काही पोट वर ठेवा. थेंब मोठा झाला तर माइट तरंगत कडेला जातो आणि कुशीवर वळतो. कुशीवरच्या माइटची मापं घेता येत नाहीत.

गोव्यात खरी परीक्षा यापुढे आहे. हॉयरचा द्रव हवेतलं पाणी ओढतो. जूनपासून सप्टेंबरपर्यंत टेबलावर ठेवलेली स्लाइड वाळतच नाही. साधारण ५० अंश सेल्सिअसच्या ओव्हनमध्ये आठवडाभर तरी आडवी ठेवा, मग कव्हर स्लिपच्या कडेनं ग्लिप्टाल या रोगणाचं कडं भरा. कडं न भरलेली स्लाइड दोन पावसाळ्यांत खराब झालेली मी पाहिली आहे. स्लाइडच्या पेट्या सिलिका जेलसोबत हवाबंद डब्यात ठेवा. मायक्रोस्कोपच्या भिंगावरही याच दिवसांत बुरशी चढते, त्याचीही तशीच काळजी घ्या. शक्य असेल तर गोळा करण्याचं काम हिवाळ्यात आणि वाचनाचं पावसात ठेवा.

नवी आहे का?

या पायरीला घाई करणारे फार आहेत आणि बहुतेक चुकीची नावं इथेच जन्माला येतात.

आधी वय बघा. अंड्यातून निघालेल्या अळीला सहा पाय असतात, मग दोन निम्फ अवस्था आणि त्यानंतर प्रौढ. निम्फला रोम (अंगावरचे बारीक केस) कमी आणि ढाली अर्धवट. त्याला वेगळी जात समजण्याचा मोह टाळा. वर्णन प्रौढ नर आणि प्रौढ मादी, दोघांवर उभं करा. या कुळात नराच्या मागच्या टोकाची ठेवण, तिथल्या ढाली आणि चूषक फार बोलके असतात, म्हणून होलोटाइप, म्हणजे जातीचं नाव ज्या एका नमुन्याला बांधलेलं असतं तो, बहुधा नर निवडतात.

मग जीनसमधल्या सगळ्या ज्ञात जातींची यादी करा आणि प्रत्येकीचं मूळ वर्णन मिळवा. खूप जुनं साहित्य बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररीवर मोफत आहे. बाकीच्यासाठी लेखकांना पत्र लिहा. सभ्य पत्राला या क्षेत्रातले लोक आवर्जून उत्तर देतात. मूळ वर्णन तोकडं असेल तर टाइप नमुना, म्हणजे ज्यावरून ते वर्णन लिहिलं तो, बघावा लागतो. फाँ यांचा संग्रह ब्रसेल्सच्या नैसर्गिक विज्ञान संस्थेत आहे, व्होलच्या माइटवर झालेलं बरंचसं रशियन काम सेंट पीटर्सबर्गच्या प्राणिशास्त्र संस्थेत आहे. टाइपचे फोटो मागता येतात.

तुलना कशाची करायची? ढालींचा आकार आणि त्यांच्यावरची नक्षी, पाठीवरच्या रेघांची संख्या आणि दिशा, रोमांची जागा आणि लांबी, नराचं मागचं टोक, मादीच्या मागच्या भागाची ठेवण. रोमांना ठरलेली नावं आहेत. ग्राँजाँ यांची पद्धत ग्रिफिथ्स आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये या गटासाठी बसवून दिली, तीच वापरा. जुन्या लेखांत वेगळी नावं भेटतील, म्हणून दोन पद्धतींचा एक तक्ता वहीत करून ठेवा.

केवळ आकारात थोडा फरक असेल तर थांबा. कव्हर स्लिपखाली दबून माइट रुंद होतो. एकाच उंदरावरच्या दहा माइटांत जेवढा फरक दिसतो, त्यापेक्षा तुमचा फरक मोठा आणि स्पष्ट तुटक असला पाहिजे. दोन किंवा तीन स्वतंत्र लक्षणं, नर-मादी मिळून, प्रत्येक नमुन्यात टिकणारी, एवढं हाती असल्याशिवाय मी कुणालाही पुढे जायला सांगणार नाही. सीओआय या, जाती ओळखायला वापरल्या जाणाऱ्या, जनुकाचा क्रम मिळाला तर आधार वाढतो. डीएनए काढल्यावर माइटचं रिकामं कवच टाकू नका, तेच स्लाइडवर चढवा, म्हणजे क्रम आणि नमुना एकाच जिवाचे राहतात.

मापं आणि आकृत्या

मापं मायक्रोमीटरमध्ये. स्टेज मायक्रोमीटरवर एक मिलिमीटरचे शंभर भाग असतात, म्हणजे एक भाग १० मायक्रोमीटरचा. प्रत्येक ऑब्जेक्टिव्हसाठी आयपीसची पट्टी त्यावर वेगवेगळी जुळवून घ्या. शरीराची लांबी कुठून कुठे मोजली ते लिहा, तोंडाचा भाग धरला की सोडला हेही. होलोटाइपचं माप आधी, पॅराटाइपचा, म्हणजे वर्णनासाठी वापरलेल्या बाकीच्या नमुन्यांचा, पल्ला कंसात. फेज कॉन्ट्रास्ट किंवा डीआयसी मायक्रोस्कोप मिळाला तर उत्तम, साध्या प्रकाशात बारीक रोम हरवतात.

आकृती हातानं काढा. फोटोत एका वेळी एकच पातळी स्पष्ट येते, आकृतीत सगळ्या पातळ्या एकत्र आणता येतात. कॅमेरा ल्युसिडावर (मायक्रोस्कोपमधलं दृश्य कागदावर गिरवू देणारं साधन) पेन्सिलीनं कच्ची रेघ, मग संगणकावर इंकस्केपमध्ये पक्की. नर आणि मादी, दोघांचीही पाठ आणि पोट अशा चार मोठ्या आकृत्या तरी हव्यात. जे दिसलं नाही ते सममिती म्हणून भरू नका. तुटलेल्या रोमाच्या जागी फक्त मुळाचं वर्तुळ काढा आणि मजकुरात तसं सांगा.

लेखन आणि नाव

आंतरराष्ट्रीय प्राणी नामकरण संहितेची चौथी आवृत्ती १ जानेवारी २००० पासून लागू आहे. तिच्या अटी थोडक्यात अशा. जात नवी असल्याचं लेखात स्पष्ट म्हटलेलं हवं. ती ओळखू येईल असं वर्णन शब्दांत हवं. होलोटाइप नेमका कुठला नमुना, तो कुठल्या संग्रहात आहे किंवा जाणार आहे, हे लिहिलेलं हवं. फक्त ऑनलाइन छापणाऱ्या नियतकालिकासाठी २०१२ च्या दुरुस्तीनुसार झूबँक या प्राणिनामांच्या ऑनलाइन नोंदवहीत आधी नोंदणी करून ती लेखात दाखवावी लागते.

लेखातला सगळ्यांत मोलाचा परिच्छेद म्हणजे भेददर्शक निदान. समजा तुमची जात अमुक जातीच्या सर्वांत जवळची आहे. मग लिहायचं: दोघींच्या नरांत मागच्या ढालीची नक्षी सारखी आहे, नव्या जातीत मात्र शेवटच्या रोमांच्या दोन जोड्या पात्यासारख्या चपट्या, त्या जवळच्या जातीत सगळ्या केसासारख्या बारीक. दोन्ही बाजू, एकाच लक्षणाबद्दल, समोरासमोर. “नवी जात अधिक सुंदर नक्षीची आहे” अशा वाक्याचा कुणाला काही उपयोग नाही.

नावात लॅटिन व्याकरण पाळा. लिस्ट्रोफोरस पुल्लिंगी आहे, विशेषण असेल तर तेही पुल्लिंगी. पुरुषाच्या सन्मानार्थ नाव दिलं तर शेवटी ‘आय’ हे अक्षर, स्त्रीच्या नावाला ‘एई’ ही दोन. गावाचं, तालुक्याचं नाव चांगलं. यजमानाचं नाव देताना मी कचरतो. तोच माइट उद्या दुसऱ्या उंदरावर मुबलक सापडला तर नाव कायम दिशाभूल करत राहतं. स्वतःचं नाव कुणी देत नाही, तसा संकेत आहे.

लेख कुठे पाठवायचा? झूटॅक्सा, ॲकारॉलॉजिया, सिस्टिमॅटिक अँड अप्लाइड ॲकारॉलॉजी, किंवा आपल्याकडचं रेकॉर्ड्स ऑफ द झूऑलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडिया. पैसे भरा, चार दिवसांत छापतो म्हणणाऱ्या नियतकालिकांपासून दूर राहा. परीक्षकाच्या हाताखालून न गेलेलं वर्णन पुढच्या अभ्यासकाच्या डोक्याला ताप होतं.

नमुने कुठे ठेवायचे

जैवविविधता कायदा २००२ च्या कलम ३९ नुसार नवी जात सापडली की नेमून दिलेल्या संस्थेला कळवणं आणि तिथे नमुना जमा करणं बंधनकारक आहे. प्राण्यांसाठी ही संस्था म्हणजे १९१६ साली स्थापन झालेलं भारतीय प्राणी सर्वेक्षण. मुख्यालय कोलकात्यात, आपल्याला जवळचं केंद्र पुण्यात आकुर्डीला. जमा करून नोंदणी क्रमांक घ्या आणि तो प्रूफ येण्याच्या आत लेखात घाला. परदेशी तज्ज्ञाला नमुने पाठवायचे असतील तर राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाचे नियम आधी बघा. नुसत्या फोटोंवर काम भागत असेल तर फोटोच पाठवा.

होलोटाइपच्या स्लाइडवर लाल लेबल लावतात. पॅराटाइप एकाच कपाटात ठेवू नका, दोन संग्रहांत विभागून द्या. रिओ द जानेरोचं राष्ट्रीय संग्रहालय २ सप्टेंबर २०१८ च्या रात्री पेटलं, तेव्हा जगात दुसरीकडे कुठेच नसलेले कितीतरी टाइप नमुने गेले. उंदराची कवटी आणि ऊतीचा नमुना कुठल्या क्रमांकानं कुठे आहे हेही त्याच यादीत द्या, म्हणजे उद्या त्या उंदराचंच नाव बदललं तरी तुमचा माइट कुणावर सापडला होता हे शोधता येईल.